दुसरा परीक्षक

१

गगनबावड्याच्या पोलीस चौकीत बाकावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर एक चप्पल ठेवली होती. जोडीतली दुसरी दरीतच कुठंतरी राहिली होती.

"बघा नीट. घाई न्हाय," हवालदार पिराजी म्हणाला.

फरहीन मुजावरला नीट बघायची गरज नव्हती. टाचेच्या शिवणीत बारीक काळी वाळू अडकलेली होती. फौंड्रीत लोखंड ओतायचे साचे ज्या वाळूचे करतात, ती ही वाळू. संस्थेचा शिपाई फरशीवरच्या त्या वाळूवरून कुरकुर करायचा आणि डॉ. निशिगंधा मगदूम दर वेळी त्याची माफी मागायच्या.

"मॅडमचीच आहे," ती म्हणाली.

डॉ. निशिगंधा मगदूम कोल्हापुरातल्या एका व्यवस्थापन संस्थेत लेखाशास्त्र शिकवत. कंपन्या कागदावर नफा कसा फुगवतात, हा त्यांच्या आयुष्यभराच्या संशोधनाचा विषय. फरहीन त्यांची शेवटची संशोधक विद्यार्थिनी आणि नव्या शोधनिबंधाची सहलेखिका. आज सकाळी करवंदं काढायला उतरलेल्या बायकांना घाटाच्या कड्याखाली मॅडम सापडल्या होत्या.

सहायक निरीक्षक संयोगिता चौगुले खुर्चीत मागं रेलल्या. "फोन न्हाई, पर्स आहे, पैसे जागच्या जागी. कड्यावर उभं राहून फोटो काढायला गेल्या, पाय घसरला. दर वर्षी एक तरी होतंच इथं."

"मॅडम संस्थेच्या गच्चीवरसुद्धा यायच्या नाहीत."

"म्हणजे?"

"उंचीवर त्यांना गरगरायचं. निरोपसमारंभाचे आमचे सगळे फोटो गच्चीवरचे, एकातही त्या नाहीत. एकट्या त्या कड्यापर्यंत गेल्याच नसत्या. कुणीतरी हात धरून नेलं असेल." फरहीन थांबली. "आणि मॅडमनी ज्याचा हात धरला असता, असं कुणीतरी."

चौगुलेबाई सरळ बसल्या. "इथं आल्या कशाला होत्या त्या? एवढ्या उन्हात, मार्चअखेरीला?"

फरहीनला उत्तर ठाऊक होतं. पण त्या उत्तराची वाट थेट तिच्या घराच्या दारात जात होती.

२

यादवनगरातल्या घरी अझीम न जेवता बसला होता. फरहीनचा धाकटा भाऊ कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या खराडे ऑटोकास्ट या फौंड्रीत डिस्पॅचला कामाला होता. कारखान्यातून माल बाहेर जायचा तो त्याच्या हाताखालून.

"आपा, बाई पडल्या का पाडल्या?"

"हळू. अम्मी जागी आहे."

"खरं सांग की."

"पाडल्या असं मला वाटतंय."

अझीमनं पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "मालक आज डिस्पॅचमध्ये आलता. म्हणाला, घरात उंदीर शिरलाय, बाहेरच्यांना दाणं नेऊन घालतोय. सोमवारपासनं एकेकाला केबिनमध्ये घेतो म्हणाला."

तो उंदीर अझीमच होता. गेल्या वर्षी मॅडम घरी जेवायला आल्या होत्या, तेव्हा सहज गप्पांत त्यानं सांगितलं होतं. मार्चच्या शेवटच्या दिवशी गाड्या भरून बाहेर काढायच्या आणि बिलं फाडायची, म्हणजे तो माल यंदाच्या विक्रीत धरला जातो. गाड्या मात्र गगनबावड्याचा घाट उतरतच नाहीत. डोंगरमाथ्यावर उभ्या राहतात आणि एप्रिल लागला की तोच माल परत कारखान्यात. कंपनी लवकरच शेअर बाजारात उतरणार होती. फुगलेल्या विक्रीवर हजारो लोक आपली पुंजी लावणार होते. मॅडमचा हात ताटातच राहिला होता.

शोधनिबंधात अझीमचं नाव फक्त 'माहितगार' होतं. तो कोण, हे तिघांना ठाऊक होतं. आता दोघांना.

मॅडमची शिस्तच तशी होती. निबंध बाहेर पाठवायच्या आधी त्या कंपनी ओळखता येईल अशी प्रत्येक गोष्ट बदलत. नाव, गाव, माल, सगळं. "आपल्याला खोड दाखवायची आहे, माणूस नाही," त्या म्हणायच्या.

रात्रभर फरहीननं एकच हिशेब मांडला. पोलिसांना सगळं सांगितलं तर अझीमचं नाव कागदावर येईल आणि कागद कुणाच्याही हाती जातो. काहीच सांगितलं नाही तर मॅडमना ढकलणारा मोकळा राहील आणि तो अझीमला शोधत येईल. अझीमचं नाव न घेता त्या माणसाला गाठायचं, एवढी एकच वाट उरली होती.

सकाळी ती चौगुलेबाईंकडे गेली आणि गाड्यांची गोष्ट सांगितली.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ते नाव मी देणार नाही. मॅडमनीही दिलं नसतं."

चौगुलेबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "बरं. आणि बाई तिथं स्वतः कशाला गेल्या?"

"परीक्षकाला पटलं नाही म्हणून. आमचा निबंध एका नियतकालिकाकडे होता. छापण्याआधी ते दोन परीक्षकांना वाचायला देतात. पहिल्यानं चार ओळी लिहिल्या, बरं आहे म्हणून. दुसऱ्यानं तीन पानं. लेखकानं वर्षअखेरीला जागेवर जाऊन डोळ्यांनी पाहावं, नाहीतर ही ऐकीव गोष्ट आहे, असं त्याचं म्हणणं."

"कोण हा शहाणा?"

"कळत नाही. परीक्षकाला लेखकाचं नाव सांगत नाहीत, लेखकाला परीक्षकाचं. पद्धतच आहे तशी."

"आणि तो म्हणाला, म्हणून बाई गेल्या?"

"आमच्यात परीक्षकाचा शब्द मोडत नाहीत, मॅडम. मोडला तर निबंध गेला."

३

"ताळेबंदातलं मला ओ की ठो कळत न्हाई. तुम्ही संगं चला," असं म्हणून चौगुलेबाईंनी फरहीनला जीपमध्ये घेतलं.

पहिले भेटले प्रा. विजयसिंह नलवडे. एकेकाळी ते आणि मॅडम मिळून लिहीत. मग एका निबंधावर पहिलं नाव कुणाचं, यावरून बिनसलं आणि त्यानंतर दोघं एकाच मजल्यावर राहूनही बोलेनासे झाले.

"भांडण होतं, हो," नलवडे म्हणाले. त्यांच्या दाढीचे खुंट वाढलेले होते. "पण तिला ढकलायला मला तिच्याजवळ उभं राहावं लागलं असतं. मी समोरून आलो की ती जिना बदलायची."

"काय काम चाललं होतं त्यांचं?"

"तिचं एक अक्षर मी इतक्यात वाचलेलं नाही. फौंड्रीवाल्यांच्या मागं लागली होती, एवढं सगळ्या मजल्याला ठाऊक. ती वाळू बघा की अजून." त्यांनी व्हरांड्यातल्या फरशीच्या फटीकडे बोट दाखवलं आणि तोंड फिरवलं.

कागलला बाळासो खराडे यांनी खुर्चीतून न उठताच स्वागत केलं. केबिनच्या काचेपलीकडे भट्टीचा लाल उजेड हलत होता.

"या पावणं, बसा. चहा घ्या. बाई पण इथंच बसायच्या. गोड बोलायच्या. मला काय ठावं, चहा माझा पिऊन माझंच वाभाडं काढत्यात म्हणून!"

"कसलं वाभाडं?" चौगुलेबाईंनी विचारलं.

"ते तुमास्नी म्हाईत हाय, मला म्हाईत हाय. कायद्यात बसतंय का न्हाय ते वकील बघंल." त्यांची नजर फरहीनवर आली. "मला एकच कळू दे. आमच्यातला कोण फुटला? मी काय त्याला खाणार न्हाय. जरा बोलणार हाय फकस्त."

"मार्चअखेरीला तुम्ही कुठं होता?"

"हितंच! वर्षाचा शेवटचा दिवस, फौंड्रीचा मालक दुसरीकडं कुठं असतोय? शंभर माणसं सांगतील. मला गगनबावड्याला जायला सवड हाय व्हय?"

"कुणीतरी फुटलाय, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" फरहीन पहिल्यांदाच बोलली.

बाळासो हसले. हसताना त्यांचे डोळे मात्र हलले नाहीत. "वरनं कळलं. आमच्या डायरेक्टर मंडळात शिकल्यालं लोक हायती. तुमचंच सर हायती की. तुझं आडनाव काय म्हणालीस, बाळ?"

फरहीननं ते सांगितलेलं नव्हतं.

"चला," चौगुलेबाई उठल्या. "चहा राहू द्या."

जीपमध्ये बसताना फरहीननं मागं वळून कारखान्याच्या फाटकाकडे पाहिलं. या कारखान्याच्या हजेरीपटावर मुजावर एकच होता.

४

डॉ. राजवर्धन शिंत्रे यांच्या खोलीत थंडगार होतं. संस्थेचे प्रमुख, पिकलेले केस, हळू आवाज. 'व्यवसायातली नीतिमत्ता' हा विषय ते गेली कित्येक वर्षं शिकवत आणि मुलं त्यांचा तास जागा नसली तर उभी राहूनही ऐकत.

"फरहीन, तू आधी बस. जेवलीस का काही?" त्यांनी स्वतः उठून कोकम सरबत दिलं. "बाई, विचारा. निशिगंधाला या संस्थेत मी आणलं. तिच्यासाठी काहीही."

"तुम्ही खराडेंच्या कंपनीत संचालक आहात."

"स्वतंत्र संचालक. कंपनीचे हिशेब तपासणाऱ्या समितीचा अध्यक्ष. त्यात लपवण्यासारखं काय? आमच्या क्षेत्रात वय झालं की कुठल्यातरी मंडळावर बोलावतातच." ते किंचित हसले. "बाळासो तापट आहेत, पण त्यांचे हिशेब मी पाहतो. तिथं काही असतं तर ते पहिल्यांदा मला दिसलं असतं."

"मॅडमनी तुम्हाला निबंध दाखवला होता?"

"एक ओळही नाही. मी मागितलाही नाही. दुसऱ्याचं काम छापून येण्याआधी मागू नये."

"मार्चअखेरीला कुठं होता?"

"पुण्याकडे निघालो होतो, एकटाच. वाटेत तब्येत बरी वाटेना म्हणून परत फिरलो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "एक सांगू का? तुम्ही कागलला वेळ घालवू नका. कागलला ती विद्यार्थ्यांना कारखाने दाखवायला न्यायची. तिचं खरं काम सूतगिरण्यांवर होतं. मार्चअखेरीला सुताच्या गाठी गाड्यांत भरून डोंगरावर नेऊन उभ्या करायच्या, असलं काहीतरी. इचलकरंजीकडे चौकशी करा. मी तिला सावध करायला हवं होतं."

चौगुलेबाईंनी लिहून घेतलं. फरहीननं सरबताचा पेला खाली ठेवला. सरांच्या बोलण्यात काहीतरी वाकडं होतं. पण प्रत्येक शब्द तिच्या ओळखीचा होता. इतका ओळखीचा, की त्यात खोट कुठं आहे ते सापडेना.

दारापर्यंत पोचवायला आलेल्या सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तो माहितगार कोण, हे तुला ठाऊक असेल तर मला सांग, बाळा. त्यालाही जपायला हवं."

५

पोलिसांनी इचलकरंजीचा रस्ता धरला. दोन दिवस सूतगिरण्यांची दारं ठोठावण्यात गेले. इकडे कागलला डिस्पॅचमधली माणसं एकेक करून केबिनमध्ये जाऊन आली. एकाला कामावरून काढून घरी बसवलं. अझीमची पाळी उद्यावर आली होती.

"मी पळून जाऊ का, आपा? चिपळूणला मामाकडं?"

"पळालास तर नाव सांगितल्यासारखंच होईल."

दुपारी चौगुलेबाईंचा फोन आला. आवाज बदललेला होता. "चौकीवर या. आत्ता."

टेबलावर मॅडमच्या संगणकातून काढलेला निबंध होता. चौगुलेबाईंनी त्याच्यावर बोट आपटलं. "सूतगिरणी. पहिल्या पानापासनं शेवटच्या पानापर्यंत सूतगिरणी. शिंत्रे सर बरोबर बोलले. तुम्ही मला फौंड्री सांगितली, खराडेंच्या दारात नेऊन उभी केलीत. खोटं का बोललात?"

"खोटं नाही. हा मुखवटा आहे. बाहेर पाठवताना मॅडम माल बदलत. आम्ही खरं सगळं काम लोखंडाच्या सुट्या भागांवर केलं. टिपणं बघा, आधीचे सगळे मसुदे बघा, सगळीकडे फौंड्री सापडेल. पाठवायच्या दिवशी सकाळी मॅडमनी ठरवलं, सूत घालू. मी शेजारी बसून एकेक शब्द बदलला. सुट्या भागांच्या जागी सुताच्या गाठी. नलवडे सरांना विचारा, शिपायाला विचारा, संस्थेत सगळे फौंड्रीच म्हणतील. सूत फक्त त्या एका प्रतीत आहे, जी आम्ही…"

ती थांबली.

"जी तुम्ही काय?"

"जी आम्ही नियतकालिकाला पाठवली." फरहीनचा आवाज खाली गेला. "ती कुणालाच दाखवली नाही. मॅडमच्या संगणकाबाहेर ती फक्त संपादकाकडे गेली. आणि दोन परीक्षकांकडे."

चौगुलेबाईंच्या हातातलं पेन थांबलं. "सर म्हणाले, एक ओळही वाचली न्हाई."

"आणि तरी 'सुताच्या गाठी' म्हणाले. मी तिथं बसून ऐकलं आणि मला काही वाटलं नाही, कारण तो शब्द मीच घातला होता. माझ्या कानांना त्याची सवय झाली होती." तिनं निबंध जवळ ओढला. "त्यांना वाटलं, तुम्ही संगणक उघडाल, तिथं सूतगिरणी सापडेल आणि त्यांचं बोलणं खरं ठरेल. ठरलंच. पण सूत या एका कागदाबाहेर कुठंच नव्हतं, हे त्यांना कसं कळणार? त्यांनी कागद फक्त वाचला. लिहिताना ते तिथं नव्हते."

तिनं परीक्षकांचे शेरे काढले. मूळ इंग्रजी, कोरडं, सभ्य. तिनं ते कितीदा तरी वाचले होते आणि प्रत्येक वेळी मॅडमसोबत हसली होती, काय हा खडूस माणूस म्हणून. आता ती मोठ्यानं मराठीत सांगू लागली.

"लेखकानं वर्षअखेरीला स्वतः जागेवर उपस्थित राहून गाड्या पाहाव्यात. शक्यतो एकट्यानं, म्हणजे निरीक्षणावर दुसऱ्याचा प्रभाव पडणार नाही." पान उलटलं. "माहितगाराची ओळख संपादकामार्फत परीक्षकांना कळवावी. हेच पुढच्या पानावर परत. आणि शेवटी परत."

चौगुलेबाईंनी ते पान स्वतःकडे ओढून घेतलं.

"बोलावून घेतलं बाईंना," चौगुलेबाई हळू म्हणाल्या. "दिवस त्यानं ठरवला, जागा त्यानं ठरवली. एकटं या, म्हणून सांगितलं."

"माल बदलला म्हणून काय झालं? गाड्यांची युक्ती वाचल्याबरोबर त्यांनी आपली कंपनी ओळखली असणार. मग लेखकही ओळखला. लेखक ओळखीचा निघाला तर परीक्षकानं माघार घ्यायची असते."

"पण हे कोर्टात टिकायचं न्हाई. ऐकलं होतं कुठंतरी, म्हणेल आणि सुटेल. संपादक सांगेल का नाव?"

संपादकानं सांगितलं नाही. परीक्षकांची नावं न्यायालयाच्या हुकमाशिवाय देता येणार नाहीत, असं एका ओळीचं उत्तर आलं. हुकूम यायला आठवडे लागले असते. अझीमची पाळी उद्या होती.

"मॅडम," फरहीन म्हणाली, "त्याच्या शेऱ्यांना अजून उत्तर गेलेलं नाही. मी सहलेखिका आहे. उत्तर मी देऊ शकते."

६

परीक्षकांना द्यायचं उत्तर प्रत्येकाला वेगळं असतं. पहिल्या परीक्षकाला फरहीननं नुसते आभार लिहिले. दुसऱ्याला तिनं लिहिलं, की सहलेखिकेच्या निधनानंतर निबंध सोडून देण्याऐवजी सर्व आक्षेप पूर्ण करावेत असं ठरलं आहे. माहितगार कारखान्यातला नाहीच. डोंगरमाथ्यावर गाड्या जिथं उभ्या राहतात तिथल्या वजनकाट्यावर तो बसतो. वर्षअखेरीला लेखिकेसोबत कड्याकडे गेलेल्या गृहस्थांनाही त्यानं पाहिलं आहे आणि त्याबद्दल तो लवकरच सविस्तर सांगणार आहे.

संपादकानं नाव दिलं नव्हतं, पण उत्तर लगेच पुढं पाठवायला त्याची हरकत नव्हती. चौगुलेबाईंनी त्याला स्वतः फोन केला होता.

त्या रात्री फरहीन झोपली नाही. सकाळी अझीमनं डबा घेतला, अम्मीच्या, खैरुनबीच्या, पाया पडल्यासारखा वाकला आणि निघाला.

"आज काय इतका लाडात आलाय?" अम्मी म्हणाली. फरहीननं तोंड फिरवलं.

दिवसभर फोन वाजला नाही. संध्याकाळी दार वाजलं तेव्हा तिनं धावत जाऊन कडी काढली. अझीम आत आला, भिंतीला टेकून खाली बसला.

"काय विचारलं?"

"कायच न्हाय. आत बोलावलंच न्हाय." त्याला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. "मालक डिस्पॅचच्या दारात उभा राहून हसत होता. म्हणाला, जावा रं कामाला, उंदीर घावला. आपल्या घरातला नव्हताच, डोंगरावरचा निघाला."

ती गोष्ट फरहीननं जगात एकाच माणसाला लिहिली होती, आणि एका दिवसात ती कागलला पोचली होती.

मग तिला दुसरी गोष्ट कळली. आता डोंगरावर कुणीतरी जाणार होतं.

७

वजनकाट्याच्या पत्र्याच्या खोलीत हवालदार पिराजी मळका सदरा घालून बसला होता. खऱ्या काटेवाल्याला पोलिसांनी गावी पाठवलं होतं. मागच्या सामानाच्या खोलीत पोत्यांआड चौगुलेबाई, दोन शिपाई आणि फरहीन. पत्रा तापून वास सुटला होता. बाहेर वारा एवढा, की कड्यावरची करवंदीची जाळी सारखी दरीकडे वाकत होती.

उन्हं कलली तेव्हा एक गाडी येऊन थांबली. दार हळू उघडलं, हळू बंद झालं.

"काटा चालू आहे का?" तो आवाज फरहीननं कित्येक तासांना पहिल्या बाकावरून ऐकला होता.

"बंद हाय. मार्च झाला न्हवं," पिराजी म्हणाला. "कोन पावणं?"

"तुमच्याशी थोडं बोलायचं होतं. एक बाई यायच्या इथं. तुम्ही त्यांना काही सांगत होता म्हणे."

"सांगत हुतो. गरीब माणूस हाय, कुणी इचारलं की सांगतोय."

"मुलं काय करतात तुमची?"

"पोरगा बारावी झालाय. बसून हाय."

"त्याच्या नोकरीचं बघतो. चांगली, कायमची." आवाज आणखी खाली आला. "गाड्यांचं जे काय असेल ते असो. त्या दिवशी बाईंबरोबर कोण होतं, तेही तुम्ही पाहिलंत असं कळलं."

"बघितलं की." पिराजीनं तंबाखू चोळायला घेतली. "तुमीच हुता."

शिंत्रे सर अगदी मऊ आवाजात बोलले, वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर चुकलं की बोलत तसं.

"चला, जरा तिकडं जाऊ. कड्याकडून सगळं आवार दिसतं. इथं पत्र्याचा आवाज फार होतोय."

"बाईला पण असंच म्हणाला हुता का?"

"तिला उंचीची भीती होती," सर म्हणाले. "म्हटलं, माझा हात धर. गाड्या मोजायच्या तर इथूनच दिसतील. चांगली संशोधक होती. पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, हे तिला मीच शिकवलं होतं. चला."

त्यांनी पिराजीच्या दंडाला धरलं तेव्हा पोती बाजूला झाली. चौगुलेबाईंना पाहून सर दचकले नाहीत. त्यांची नजर मागं उभ्या असलेल्या फरहीनवर थांबली आणि तिथंच राहिली.

"उत्तर तू लिहिलंस."

"हो, सर."

"भाषा निशिगंधाची वाटली," ते म्हणाले. "म्हणून विश्वास बसला."

८

डॉ. शिंत्रे आता कळंब्याच्या कारागृहात खटल्याची वाट पाहत आहेत. न्यायालयाच्या हुकमानंतर संपादकानं नाव दिलं. नियतकालिकाच्या यादीत ते दुसऱ्या गावच्या एका संस्थेचे मानद प्राध्यापक म्हणून होते, त्यामुळे लेखिका त्यांच्याच हाताखालची आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. खराडेंचे शेअर बाजारात आले नाहीत. त्यातला मोठा हिस्सा शिंत्रे यांच्या मुलीच्या नावावर आधीच दिलेला होता, हेही बाहेर आलं. बाळासो जामिनावर सुटले आणि पहिल्या दिवशी कारखान्यात येऊन ओरडले, "मी गाड्या उभ्या केल्या, माणसं न्हाई मारली!" अझीमनं नंतर, घाई न करता, दुसरीकडे काम धरलं.

चौगुलेबाई एकदा घरी येऊन चहा पिऊन गेल्या. अझीमनं कप आणून ठेवला तेव्हा त्यांनी त्याच्या नखांतली काळी वाळू पाहिली, मग फरहीनकडे पाहिलं.

"माझ्या कागदात माहितगार काटेवालाच आहे," त्या म्हणाल्या. "तसंच राहू दे."

नलवडे सरांनी मॅडमचं नाव पहिलं ठेवून निबंध परत पाठवायला सांगितलं. फरहीननं सूत तसंच ठेवून तो पाठवला. पावसाळा संपता संपता नियतकालिकाकडून टपाल आलं. नवा परीक्षक नेमला होता. शेरे दोनच पानांचे, भाषा सौजन्याची, काम महत्त्वाचं आहे असं वर दोनदा म्हटलेलं. ती वाचत शेवटच्या ओळीपर्यंत आली.

एकच विनंती होती. माहितगाराची ओळख परीक्षकांना कळवता आली तर निष्कर्षांना बळ येईल.

स्वयंपाकघरात अम्मी भाकरी करपल्याबद्दल अझीमवर डाफरत होती आणि तो हसत होता. फरहीननं उत्तरात लिहिलं, 'देता येणार नाही.' मग निबंध पुन्हा उघडला. सुताच्या गाठी आता शिंत्रे सरांना ठाऊक होत्या, पोलिसांना, वकिलांना, वर्तमानपत्रांना ठाऊक होत्या. माल परत बदलायला हवा होता.

मॅडमनी बदलला तेव्हा शेजारी ती होती. तिनं उठून खोलीची कडी लावली आणि सुताच्या जागी काय घालायचं, याचा एकटीच विचार करत बसली.